हिशेबाची वही कोणाची?

१. दुधाचा पगार अडला

एक गाव होते. गावात दूध संस्था होती. संस्थेचे १४० सभासद होते. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालीत. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होई. गावातली कितीतरी घरे या पगारावर चालत.

पूर्वी संस्थेचा हिशेब जाड वहीत लिहीत. पुढे संस्थेत संगणक आला. वहीतले आकडे संगणकात गेले. कोणी किती लिटर दूध घातले, फॅट किती लागली, दर काय बसला, पेंडीचे किती कापले, हे सारे संगणकात लिहिले जाऊ लागले. बेरीज-वजाबाकी संगणकच करी. लोकांना हे बरे वाटले.

एकदा पगाराच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी भाऊ डोक्याला हात लावून बसले. संगणक सुरू होता. पगाराचा तक्ताही दिसत होता. पण नवा आकडा काही केल्या लिहिता येईना. पडद्यावर एक सूचना आली होती. ‘आपली वर्गणी संपली आहे. पैसे भरा.’

चेअरमन तात्या आले. आक्काही आल्या. आक्का संस्थेच्या संचालक होत्या. मागच्याच वर्षी त्या प्रौढ वर्गात लिहायला-वाचायला शिकल्या होत्या.

तात्या म्हणाले, “काय रे भाऊ, तोंड का पाडलंस?”

भाऊ म्हणाले, “तात्या, हिशेबाचा प्रोग्रॅम भाड्याचा हाय. वर्ष भरलं. पैसे भरल्याबिगर आता आकडा लिहू देत न्हाई.”

“मागल्या साली भरले हुते की!”

“दर साली भरावे लागतात, तात्या.”

आक्का पडद्याकडे पाहत होत्या. त्यांना आपले नाव दिसले. नावापुढचे मागचे आकडेही दिसले. त्या म्हणाल्या, “दूध आमचं, आकडे आमचे, संगणक संस्थेचा. मग कुलूप कुणाचं?”

याचे उत्तर कोणालाच देता येईना.

२. स्वस्तातला मार्ग

भाऊ हळूच म्हणाले, “तालुक्याला एक माणूस हाय. तो तीनशे रुपयांत हाच प्रोग्रॅम घालून देतो. कुलूप तोडलेला. पुन्हा वर्गणीचं नाव न्हाई.”

तात्यांना हे पटल्यासारखे दिसले. पण आक्का म्हणाल्या, “कुलूप तोडलेला म्हंजे चोरीचाच की! चोरीचा बैल संस्थेच्या औताला जुंपायचा का?”

आक्का बरोबर बोलल्या. दुसऱ्याचा विकत मिळणारा प्रोग्रॅम परवान्याशिवाय वापरणे हा गुन्हा आहे. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात यासाठी तुरुंगवास आणि दंड सांगितला आहे.

दुसरी भीती याहून मोठी. कुलूप तोडणाऱ्या माणसाने प्रोग्रॅममध्ये आणखी काय घातले, हे आपल्याला कळत नाही. अशा प्रोग्रॅममधून संगणकात व्हायरस शिरतात. काही व्हायरस सगळ्या फाइली बंद करून टाकतात आणि सोडवण्यासाठी पैसे मागतात. म्हणजे तीनशे रुपये वाचवायला जावे आणि वर्षांचे हिशेब गमावून बसावे.

तात्या म्हणाले, “मग पैसे भरू. दुसरं काय करणार?”

आक्का म्हणाल्या, “थांबा. आमच्या वर्गाच्या बाई संगणक शिकवतात. त्यांना इचारू या.”

३. वही आणि लेखणी

प्रौढ वर्गाच्या बाई आल्या. त्यांनी सारे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, “आधी एक गोष्ट समजून घेऊ. संगणक हे नुसते यंत्र आहे. काम कसे करायचे हे त्याला सांगावे लागते. या सूचनांच्या संचाला प्रोग्रॅम म्हणतात. सॉफ्टवेअर असेही म्हणतात. यंत्र म्हणजे गाडी, तर प्रोग्रॅम म्हणजे गाडीवान.”

“आणि आमचा तक्ता?” आक्कांनी विचारले.

“तक्ता म्हणजे फाइल. फाइल ही तुमची वही. प्रोग्रॅम ही लेखणी. लेखणी भाड्याची आहे. तिचे भाडे थकले. पण वही तुमचीच आहे. ती याच संगणकात आहे. दुसऱ्या लेखणीने त्याच वहीत लिहिता येते.”

भाऊ म्हणाले, “दुसरी लेखणी आणायची कुठून? ती पण इकतच घ्यावी लागंल की.”

बाई हसल्या. त्यांनी पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. “यात एक प्रोग्रॅम आहे. त्याचे नाव लिब्रेऑफिस. याला वर्गणी नाही. किंमतही नाही. आणि तो वाटला तर चोरी होत नाही. ज्यांनी तो केला, त्यांनीच तसा परवाना दिला आहे.”

तात्यांना खरे वाटेना. ते म्हणाले, “बाई, फुकट कोण देतं? त्यात काहीतरी गोम असणार.”

तात्यांचा प्रश्न योग्य होता. फुकटची वस्तू पाहिली की शहाण्या माणसाने असा प्रश्न विचारावाच.

४. हा प्रोग्रॅम कोणी केला?

बाईंनी सांगितलेली हकीकत अशी.

प्रोग्रॅम बनवताना त्याचा मूळ मजकूर लिहावा लागतो. बहुतेक कंपन्या हा मजकूर गुप्त ठेवतात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या संगणक जाणणाऱ्या माणसाने वेगळा विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे, की प्रोग्रॅम वापरणाऱ्याला चार मोकळिकी असाव्यात. तो हव्या त्या कामाला वापरता यावा. तो कसा चालतो हे पाहता यावे. तो दुसऱ्याला देता यावा. आणि तो सुधारून ती सुधारणाही वाटता यावी. अशा प्रोग्रॅमला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

आपल्याकडे घरचे बियाणे असते. एकाने चांगले बी राखले, तर तो शेजाऱ्याला पायलीभर देतो. शेजारी ते पेरतो, निवडतो, पुढे आणखी कोणाला देतो. बी वाटल्याने पहिल्याचे काही कमी होत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे तसेच आहे.

आता लिब्रेऑफिसची गोष्ट. १९८५ साली जर्मनीत मार्को ब्योरिस नावाच्या तरुणाने एक कंपनी काढली. या कंपनीने स्टारऑफिस नावाचा प्रोग्रॅम केला. १९९९ साली अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने ती कंपनी विकत घेतली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, सनने प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सर्वांना खुला केला. त्याचे नाव ओपनऑफिस पडले.

२०१० साली सन कंपनी ओरॅकल कंपनीकडे गेली. नवा मालक काय करील, अशी काळजी प्रोग्रॅमवर काम करणाऱ्यांना वाटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांतल्या पुष्कळ जणांनी आपली वेगळी संस्था केली. तिचे नाव द डॉक्युमेंट फाउंडेशन. ही संस्था बर्लिन शहरी नोंदलेली आहे. मूळ मजकूर खुला होता. म्हणून त्यांना काम पुढे नेता आले. त्यांनी आपल्या प्रोग्रॅमला लिब्रेऑफिस हे नाव दिले. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत लिब्रे म्हणजे मुक्त.

“मग त्यांचं पोट कशावर चालतं?” तात्यांनी विचारले.

बाई म्हणाल्या, “संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते. काही जण सेवा म्हणून काम करतात. काही कंपन्या मोठ्या कचेऱ्यांना हा प्रोग्रॅम बसवून देतात, दुरुस्ती करतात. त्या कामाचे पैसे घेतात आणि आपली माणसे याच्या कामाला लावतात. गावची विहीर श्रमदानाने खणतात, तसे हे आहे. पाणी सर्वांना. गाळ काढायला मात्र कोणीतरी उतरावे लागते.”

५. आणखी कोण वापरते?

“पण मोठ्या जागी हे चालतं का?” भाऊंनी विचारले.

चालते. फ्रान्सच्या जांदार्मरी नावाच्या पोलीसदलाने २००५ साली ओपनऑफिस घेतले. जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचे राज्य आहे. तेथील सरकारने २०२४ साली आपल्या सुमारे ३०,००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचे ठरवले. आपल्या देशात केरळ राज्याने सरकारी शाळांतून मुलांना मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवला. भारत सरकारनेही २०१५ साली धोरण जाहीर केले, की सरकारी कामात खुल्या मजकुराच्या सॉफ्टवेअरला आधी पसंती द्यावी.

फाइल ठेवण्याची एक खुली पद्धतही आहे. तिला ओडीएफ म्हणतात. २००६ साली तिला जागतिक मानक म्हणून मान्यता मिळाली. तिचे नियम कोणालाही वाचता येतात. म्हणून ती फाइल एकाच कंपनीच्या प्रोग्रॅमवर अडकून राहत नाही. संस्थेचे दप्तर वर्षानुवर्षे जपायचे असते. त्यासाठी ही पद्धत चांगली.

६. जुना प्रोग्रॅम चालेल का?

तात्यांना एक आठवले. संस्थेच्या कपाटात जुना संगणक होता. त्यात एकदाच पैसे देऊन घेतलेला जुना प्रोग्रॅम होता. “तोच काढला तर?” ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, “एकदा रीतसर विकत घेतलेला प्रोग्रॅम वर्गणीसाठी बंद पडत नाही. तो वापरण्यात गैर काही नाही. पण एक पाहावे लागते. प्रोग्रॅमला कधी कधी भोके सापडतात. त्यांतून चोर आत शिरू शकतो. कंपनी ही भोके काही वर्षेच बुजवून देते. पुढे थांबते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१० च्या ऑफिसची अशी दुरुस्ती ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवली. २०१६ आणि २०१९ च्या ऑफिसची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली.”

“म्हंजे कुंपण मोडलं तरी कुणी बांधायचं न्हाई,” आक्का म्हणाल्या.

“अगदी बरोबर. ज्या संगणकाला इंटरनेट नाही, त्यावर साधी पत्रे लिहायला जुना प्रोग्रॅम चालतो. पण बाहेरून आलेल्या फाइली त्यात उघडू नयेत. पैशांचा हिशेब तर त्यावर ठेवूच नये.”

लिब्रेऑफिसलाही हाच नियम आहे. त्याचीही नवी आवृत्ती येत असते. जुनी आवृत्ती धरून बसू नये. फरक एवढाच, की नव्या आवृत्तीला पैसे पडत नाहीत. फार जुन्या संगणकावर सर्वांत नवी आवृत्ती चालत नाही, हेही ध्यानात असावे.

७. पगाराचा तक्ता उघडला

बाईंनी भाऊंना कामाला बसवले. त्यांनी स्वतः हात लावला नाही. “तुम्ही केले तरच तुमच्या लक्षात राहील,” असे त्या म्हणाल्या.

पहिले काम नकलेचे. भाऊंनी संस्थेच्या सगळ्या फाइलींची नक्कल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढली. तो पेन ड्राइव्ह तात्यांच्या खिशात ठेवला. काही बिघडले तरी मूळ हिशेब शाबूत राहावा, म्हणून हे आधी करायचे.

दुसरे काम प्रोग्रॅम बसवण्याचे. बाईंनी तो लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या मूळ जागेवरून उतरवून आणला होता. “दुसऱ्या कुठल्या जाहिरातीवरून घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “चांगल्या नावाखाली खोटा माल देणारे असतात. पेन ड्राइव्ह घ्यायचा तोही ओळखीच्या माणसाकडूनच. आणि कोणी लिब्रेऑफिससाठी कार्डाचा नंबर मागू लागला, तर तिथेच थांबा. तो वापरायला पैसे भरावे लागत नाहीत.”

प्रोग्रॅम बसला. त्यात निरनिराळी कामे करणारे भाग होते. पत्र, अर्ज, ठराव लिहायला रायटर. आकड्यांचे तक्ते करायला कॅल्क. सभेत पडद्यावर चित्रे दाखवायला इंप्रेस.

तिसरे काम तक्ता उघडण्याचे. भाऊंनी कॅल्कमधून पगाराची फाइल उघडली. सगळे पुढे वाकून पाहू लागले. १४० नावे ओळीने दिसली. मथळ्याची अक्षरे थोडी मोठी आली होती. एक रेघ खाली सरकली होती. भाऊंनी ती जागेवर आणली. मग त्यांनी एका घरात आकडा लिहिला. आकडा उमटला!

“लिवलं की!” आक्का म्हणाल्या.

चौथे काम पडताळ्याचे. बाई म्हणाल्या, “नव्या तराजूवर लगेच भरवसा ठेवू नये. आधी ओळखीचे वजन टाकून पाहावे. आक्का, तुमचाच हिशेब हाताने करा.”

आक्कांनी वही घेतली. दहा दिवसांचे दूध ८४ लिटर. दर ३४ रुपये. आक्कांनी गुणाकार मांडला. २,८५६ रुपये झाले. पेंडीच्या पोत्याचे १,३०० रुपये वजा केले. उरले १,५५६ रुपये. त्यांनी पडद्यावर आपल्या नावासमोर पाहिले. तिथेही १,५५६ होते.

आक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी वहीतल्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. इतकी वर्षे त्या पगाराच्या कागदावर अंगठा उठवीत आल्या होत्या. आत काय लिहिले आहे, हे दुसऱ्याने सांगावे आणि त्यांनी मान डोलवावी. आज त्यांनी संगणकाचा हिशेब तपासला होता.

आणखी दहा सभासदांचे हिशेब असेच ताडून पाहिले. सर्व जुळले. रात्री उशिरा तक्ता पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी पगार वेळेवर झाला. आक्कांच्या नातीची परीक्षेची फी भरायची होती. ती त्याच दिवशी भरली गेली.

८. काय जमते, काय जमत नाही

पुढे संचालकांची सभा भरली. तात्यांनी हिशेब मांडला. समजा, वर्षाला ५,००० रुपये वर्गणी आहे. दहा वर्षांत ५०,००० रुपये होतात. इतके देऊनही प्रोग्रॅम आपल्या मालकीचा होत नाही. एक वर्ष चुकले, की काम थांबते.

पण बाईंनी दुसरी बाजूही सांगितली. पैसे देऊन घेतलेला प्रोग्रॅम वाईट असतो, असे नाही. त्यात काही सोयी जास्त असतात. मोठ्या तक्त्यात काही जण मॅक्रो नावाच्या आपोआप चालणाऱ्या सूचना लिहून ठेवतात. त्या लिब्रेऑफिसमध्ये नेहमी नीट चालत नाहीत. सजवलेल्या पानाची मांडणी कधी कधी हलते. एखादे कार्यालय विशिष्ट प्रोग्रॅममध्येच काम मागत असेल, तर तो घ्यावा लागतो. मग रीतसर पैसे देऊन घ्यावा. घेण्याआधी गरज पाहावी, एवढेच.

इंटरनेटवर चालणारे काही प्रोग्रॅमही पैसे न घेता वापरता येतात. पण त्यांत आपली वही दुसऱ्याच्या संगणकावर राहते. रेंज गेली की काम अडू शकते. त्यावर खाजगी हिशेब ठेवण्याआधी विचार करावा.

मराठीची एक अडचण पुष्कळांना येते. जुन्या फाँटमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. तो फाँट तिथे नसतो, म्हणून असे होते. यावर उपाय एकच. मराठी नेहमी युनिकोड पद्धतीने लिहावे. मग प्रोग्रॅम बदलला तरी अक्षर बदलत नाही.

सभेत ठराव झाला. संस्थेचा हिशेब यापुढे लिब्रेऑफिसमध्ये ठेवावा. दर शनिवारी नक्कल काढावी. वर्गणीचे जे पैसे वाचले, त्यांतून फॅट मोजण्याचे यंत्र दुरुस्त करावे. आक्का म्हणाल्या, “आन थोडे पैसे त्या बर्लिनच्या संस्थेला धाडा. इहिरीचं पाणी प्यालो, तर गाळ काढायला हात लावला पायजे.” ठरावात हेही लिहिले गेले.

ठरावाखाली संचालकांनी सह्या केल्या. आक्कांनीही आपले नाव लिहिले. अक्षर थोडे वाकडे होते, पण पूर्ण होते.

ध्यानात ठेवा

१. फाइल ही वही, प्रोग्रॅम ही लेखणी. वही आपल्या ताब्यात ठेवा.
२. कोणताही बदल करण्याआधी फाइलींची नक्कल काढा.
३. कुलूप तोडलेला प्रोग्रॅम घेऊ नका. तो गुन्हाही आहे आणि धोकाही.
४. मुक्त प्रोग्रॅम त्याच्या मूळ जागेवरूनच घ्या. नवी आवृत्ती आली की ती बसवा.
५. दुसऱ्याला नुसते वाचायला पाठवायचे असेल, तर पीडीएफ करून पाठवा. मांडणी हलत नाही.
६. नव्या प्रोग्रॅममधला हिशेब आधी हाताने ताडून पाहा.

प्रश्न

१. वर्गणी संपल्यावर भाऊंना काय करता येईना?
२. तीनशे रुपयांचा प्रोग्रॅम आक्कांनी का नाकारला?
३. मुक्त सॉफ्टवेअरच्या चार मोकळिकी सांगा.
४. जुना प्रोग्रॅम कोणत्या संगणकावर चालेल? कोणत्या कामाला वापरू नये?
५. एका सभासदाने ६५ लिटर दूध घातले. दर ३४ रुपये आहे. पेंडीचे ६०० रुपये कापायचे आहेत. हातात किती पैसे येतील? आधी वहीत करा. मग संगणकावर करून पाहा.
६. तुमच्या गावात पतसंस्था, बचत गट, शाळा यांचा हिशेब कशात ठेवतात? त्याची नक्कल कोणाकडे असते? विचारून या आणि वर्गात सांगा.